पायावरची अंघोळ

बाळंतपणानंतर तुमचं एक पाऊल उचलत नसेल, चालताना जमिनीवर थप्प करून आपटत असेल, तर हे वाचायचं सोडा आणि आधी डॉक्टरांकडे जा. नंतर सावकाश येऊन वाचा. मी सोळा दिवस घालवले. त्या सोळा दिवसांत आमच्या घरात जे झालं ते सांगायची मला अजून लाज वाटते. तरी सांगते, कारण मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पुढचे सहा महिने थोडे सोपे गेले असते.

मी घाटकोपरला राहते. एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त काढायचं माझं काम. सकाळी सहाला स्कूटर काढायची, अकराच्या आत पंधरा घरं करायची, आणि लिफ्ट बंद असेल तिथे जिने चढायचे. पोट पुढे आलेलं असतानाही सातव्या महिन्यापर्यंत चढले. माझा नवरा संदेश लिफ्टदुरुस्तीच्या कामाला आहे. तो म्हणायचा, "तुझ्यासारखी चार माणसं मुंबईत असती ना, माझी नोकरी गेली असती." पायांची मला मिजास होती हे कबूल करते.

तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते. त्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, ते आता नाहीत. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्न नव्हता. आणि सगळे म्हणाले, तुला माहेर कशाला हवं? आमच्या बिल्डिंगमधली निम्मी पोरं आईंच्या पायांवर न्हायलेली आहेत.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंघोळ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते. बाळाला नडग्यांवर निजवते, डोकं पावलांकडे. दोन्ही पावलं उभी, बोटं वर, आणि पावलांच्या मधल्या खोबणीत बाळाचं डोकं. पाणी घालायच्या आधी पहिला लोटा स्वतःच्या पायांवर घ्यायचा. पायाला सोसलं तरच ते पाणी बाळाच्या अंगावर. आईंनी हे शेकडो वेळा केलंय, आणि मी ते नुसतं बघत बसायचे.

थप्प

जुईच्या जन्माच्या वेळी मी अडीच तास जोर लावत होते. नर्स म्हणाली, गुडघे छातीशी ओढून हातांनी घट्ट धर. मी धरले. मी एकदा धरलं की सोडत नाही, हा माझा स्वभाव आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला माझ्याच बोटांचे निळे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत होते. त्या वळांकडे कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. मुलगी झाली होती, रडली होती, दूध प्यायला लागली होती.

डावा पाय बधिर होता. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलेलं, त्याचा असर असेल असं सगळे म्हणाले. घरी येताना डाव्या पायातली चप्पल तीनदा निसटली. घरात चालताना आवाज यायचा, टाच टेकायच्या आधीच पाऊल खाली पडायचं. थप्प. थप्प. संदेश हसला, म्हणाला, "बदक आलं का घरात?" मीही हसले. हसू आलं त्याची आता चीड येते.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळण्यापर्यंत चालत गेले तेव्हा शेजारच्या बायका गप्प झाल्या. मग एकीने आईंच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि आई संध्याकाळी म्हणाल्या, "बाळंतवात तो. शेकान जातलो."

शेक म्हणजे वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवायची आणि पायावर दाबत न्यायची. आईंचा हात चांगला आहे. गुडघ्यापासून खाली, दाबत, थांबत, विचारत. "लागता काय गो?" मी म्हणायचे, नाही. तिसऱ्या दिवशी उजव्या पायाला चांगला चटका बसला आणि डाव्याला काहीच नाही. मला वाटलं, शेक पुरेसा लागत नाही म्हणून पाय बरा होत नाही. मी म्हटलं, "आई, अजून गरम करा. डाव्याला लागतच नाहीये."

त्यांनी अजून गरम केली. पुरचुंडी डाव्या पावलावर ठेवली. मी जुईला पाजत होते. मला अगदी निवांत वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा काढला तेव्हा पावलावर लिंबाएवढा फोड होता आणि आजूबाजूची कातडी लाल झाली होती. मला काहीही जाणवलं नव्हतं. फोड पाहून जितकी घाबरले नाही तितकी काहीच न जाणवल्याने घाबरले. बोटाने टोचून पाहिलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी पायाला हात लावल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांकडे

बाहेर पडायचं म्हटल्यावर आई दारात उभ्या राहिल्या. "आता भायर? सव्वा म्हयनो खंय झालो?" सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. मी पाऊल वर करून दाखवलं. फोड पाहिला आणि त्या बाजूला झाल्या.  जुईला आमच्याबरोबर घेतलं, आईही आल्या.

भाजल्यावर मलम द्यायला बसलेल्या डॉक्टरांनी फोड बघितला, मग म्हणाले, "पाऊल वर ओढा." मी ओढलं. म्हणजे मनात ओढलं. पाऊल जागचं हललं नाही. त्यांनी पेनच्या टोपणाने पावलावर रेघ ओढली. "हे कळतंय?" नाही. "हे?" नाही. "आणि इतकं गरम कुणी लावलं?"

सगळ्यांनी आईंकडे बघितलं. डॉक्टरांनी, संदेशने, तिथल्या नर्सनेही. आई जुईला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मी बोलले नाही. 'अजून गरम करा' असं मीच सांगितलं होतं. हे दोन शब्दांत सांगता आलं असतं. पण डॉक्टर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते, आणि मला त्या क्षणी ती कीव हवी होती. ती मी घेतली आणि दोष आईंच्या पदरात टाकला. आजारपणात माणूस चांगलं होतं असं म्हणतात. मी झाले नाही.

पुढच्या आठवड्यात नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पायाला करंट देऊन तपासलं. करंट दिला की उजवा पाय झटका घ्यायचा आणि डावा पडून राहायचा. त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावरून एक नस अगदी कातडीखालून जाते. खूप वेळ दाब पडला की ती मार खाते. तीच पाऊल वर उचलते आणि पावलाला जाणीव देते. माझी नस तुटलेली नव्हती. पण किती भरून येईल आणि कधी, ते सांगता येणार नव्हतं. काहींना तीन महिने, काहींना वर्ष. काहींची पूर्ण येत नाही.

"पूर्ण येत नाही म्हणजे?"

"म्हणजे मग स्प्लिंट घालून चालायचं. लोक चालतात."

घरी येताना संदेश हॉस्पिटलवर खटला भरायच्या गोष्टी करत होता. रिक्षात मी म्हटलं, "कुणावर भरणार? दाब माझ्या हातांचा होता." तो म्हणाला, "त्यांनी सांगितलं म्हणून ना?" आई मधे बसलेल्या, जुई त्यांच्या मांडीवर. कुणी आवाज वाढवला नाही, पण घरी पोहोचेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

पडले

स्प्लिंट बनून यायला आठ दिवस लागणार होते. मधल्या काळात डॉक्टरांनी जपून चालायला सांगितलेलं. चौथ्या दिवशी दुपारी आई खाली भाजी आणायला गेल्या. जुई उठली, रडली. मी तिला उचललं आणि स्वयंपाकघरात पाणी घ्यायला निघाले. आमच्याकडे खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये उंबरठा आहे, जेमतेम दोन बोटं उंच. डाव्या पायाची बोटं त्याला अडली.

पडताना वेळ फार असतो हे मला तेव्हा कळलं. जुईचं डोकं ओट्याच्या कडेकडे चाललंय हे मला दिसलं. मी अंग पिळून पाठ पुढे केली. कोपर आणि पाठ फरशीवर आपटली, जुई माझ्या छातीवर राहिली. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी रडत होते.

आई आल्या तेव्हा मी तशीच फरशीवर होते. उठायची हिंमत होत नव्हती. त्यांनी भाजीची पिशवी टाकली, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चेडवाक माझ्याकडे दी." मी दिली.

त्या दिवसापासून नियम झाला. मी उभी असताना जुई माझ्या हातात द्यायची नाही. आधी मी भिंतीला टेकून खाली बसायचं, मग बाळ मिळायचं. नियम संदेशने केला आणि तो बरोबर होता. पण रोज दहा वेळा स्वतःच्या मुलीसाठी खाली बसून हात पसरायचे, तिला घेऊन खिडकीपर्यंतही जायचं नाही, ती रडली की दुसऱ्याने उचलायचं आणि मी बघायचं. मी रोज मनात सगळ्यांवर चिडत होते. सगळ्यात जास्त त्या पावलावर. कधी कधी उजव्या पायाने त्याला ढकलायचे.

डॉक्टरांकडून आल्यापासून आईंनी माझ्या पायाला हात लावला नव्हता. मलमपट्टी संदेश करायचा. तिसऱ्या मजल्यावर नवीन बाळ आलं, त्याची आजी आईंना बोलवायला आली. आई म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाक सांग. माझ्या हाताचो माकाच भरवसो नाय." मी आत बसून ऐकत होते. तेव्हाही बोलले नाही.

जुईला अंघोळ मात्र त्यांनाच घालावी लागायची. पहिला लोटा पायांवर, मग पुन्हा थोडं गार, मग पुन्हा पायांवर, मग कोपर बुडवून बघायचं. पाणी पार कोमट होऊन जायचं. आणि नंतर पाटावरून उठताना त्या भिंतीला धरून दोनदा थांबायच्या. गुडघे त्यांचेही काही नवे नव्हते.

कागद

स्प्लिंट आली. प्लॅस्टिकचा पट्टा, पोटरीच्या मागून तळव्याखाली येणारा, पाऊल पडू न देणारा. पण ती बुटात घालून चालायची. आमच्या घरात चप्पल दाराबाहेर राहते आणि देव्हारा स्वयंपाकघरात आहे. मी आठवडाभर अनवाणीच धडपडले. मग एक दिवस आईंनी एक खोका पुढे ठेवला. आत कापडी बूट, एक नंबर मोठे. "घरातलेच. भायर घालूचे नाय." त्या बाजारात माझ्या मापाची चप्पल पिशवीत घालून घेऊन गेल्या होत्या. देव्हाऱ्यासमोर बूट घालून पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा त्यांनी नेहमीसारखा दिवा लावला.

व्यायामासाठी ग्लॅडिस मॅडमकडे जायचे. वयाने माझ्याएवढ्याच, गोराईच्या, रोज तरीने खाडी ओलांडून येणाऱ्या. बोलायला एकदम रोखठोक. पहिल्या दिवशी त्यांनी कागद दिला. दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटं. मी तो फ्रिजवर लावला. घरात तान्हं बाळ असलेल्या बाईने वीस मिनिटं कुठून आणायची ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. सतरंजी अंथरली की जुई उठायची. जुई झोपली की मी झोपायचे, नाहीतर कपडे, नाहीतर दूध. पंधरा दिवसांत एकदाही पूर्ण झालं नाही.

"करतेस ना?"

"करते."

त्यांनी पोटरी दाबली. "खोटं बोलू नको यार. ही आखडत चाललीय. ही अशीच घट्ट झाली ना, उद्या नस आली तरी पाऊल वर यायचं नाही. मग नसेला दोष देशील?"

मी रडायला लागले. म्हटलं, मला वेळच मिळत नाही, बाळ सोडतच नाही.  त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला.

"बाळासाठी दिवसभरात काय काय करतेस, सांग."

आठ-नऊ वेळा पाजते. दहा वेळा लंगोट बदलते. ढेकर काढते. मांडीवर झोपवते. त्या लिहीत गेल्या आणि प्रत्येकासमोर एक व्यायाम टाकत गेल्या. पाजताना पाय लांब, पावलाला ओढणी अडकवून स्वतःकडे ओढायची, तीस आकड्यांपर्यंत, पाच वेळा. लंगोट बदलताना दोन्ही पावलं एकदम वर ओढायचा प्रयत्न, दहा वेळा, डाव्याकडे बघत. हलत नसलं तरी बघत. मांडीवर झोपवताना टाचा टेकवून बोटं उचलायची. "बाळ झोपलं की व्यायाम करायचा नाही. बाळ झोपलं की तू झोपायचं. कळलं?"

मग विचारलं, "आणि तुला काय हवंय? चालायला? स्कूटर?"

स्कूटर म्हणायला तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं. "तिला पायावर अंघोळ घालायचीय. ती बसायला लागायच्या आत."

बाळ बसायला लागलं की टबात जातं. सहा-सात महिन्यांत पायावरची अंघोळ संपते, ती पुन्हा येत नाही. जुई तेव्हा सव्वादोन महिन्यांची होती.

ग्लॅडिस मॅडम हसल्या. "पाऊल उभं करायचं आणि वजन घेऊन तसंच धरायचं. याच्यापेक्षा चांगला व्यायाम मी काय देणार? पण आधी बाळ नाही. आधी तांदूळ."

तांदूळ

आईंनी जुन्या साडीची लांबट पिशवी शिवली. मी काय ते सांगितलं होतं, कशासाठी तेही सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि सुई-दोरा घेतला. एका टोकाला थोडी फुगीर, डोक्यासारखी. आत एक किलो तांदूळ. मी पाय लांब करून बसायचे, पिशवी नडग्यांवर, फुगीर टोक पावलांमध्ये. उजवं पाऊल उभं राहायचं आणि डावं बाहेर कलंडायचं. पिशवीचं डोकं फरशीवर पडायचं. रोज पडायचं.

तिसरा महिना संपला. पुन्हा करंटची तपासणी. डॉक्टर म्हणाले, थोडी हालचाल दिसतेय. कुठे दिसतेय? मशीनवर. माझ्या पावलावर नाही.

जुई पालथी पडायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि मनात उरलेले महिने मोजले. पालथी म्हणजे पुढे रांगणं, पुढे बसणं. तिची वाढ बघून घाबरणारी आई जगात मी एकटीच असेन. तांदळाची पिशवी एकावरून दोन किलोवर नेली होती. जुई साडेसहा किलोची झाली होती.

मग तो दिवस. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, संदेश कामावर. जुई पाळण्यात कुरकुरत होती आणि मी ठरवलं, बस झालं. स्प्लिंट घातलेली होती. तिला उचललं आणि उभी राहिले. तीन पावलं टाकली. आईंनी गॅलरीतून पाहिलं आणि ओरडल्या. मी दचकले, तोल गेला, पलंगाची कड धरली. काही झालं नाही. पण त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, "अक्कल आसा काय गो तुका? चेडू मरात ना."

आणि मी म्हटलं, "माझा पाय तुम्ही भाजलात. आता मला शिकवू नका."

 आईंनी जुईला माझ्याकडून घेतलं, पाळण्यात ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उरलेले कपडे वाळत घातले. एकेक झटकून, चिमटा लावून.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. संध्याकाळी संदेश आला, हातपाय धुऊन चहाला बसला. आई चहा गाळत होत्या. मी म्हटलं, "एक सांगायचंय. त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी गप्प बसले. अजून गरम करा असं मीच सांगितलं होतं. आईंची चूक नव्हती."

संदेशने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिला, मग आईंकडे.

आई चहा गाळतच होत्या. म्हणाल्या, "माका म्हायत आसा. मी थंयच होतंय मा."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू बाळंतीण. तुका कळाक नाय. माका कळाक व्हया होता." त्यांनी गाळणी झटकली. "आता चहा पी. थंड होता."

मला वाटत होतं की खरं बोललं की सगळं हलकं होईल. थोडं झालं. पण त्या अजूनही माझ्या पायाला हात लावत नव्हत्या, आणि पाऊल अजूनही उठत नव्हतं.

अंगठा

साडेचार महिने झाले होते. दुपारची वेळ, जुई पीत होती, ओढणी पावलाला अडकवलेली. तीस आकडे मोजून ओढणी सैल केली आणि सवयीने मनात म्हटलं, वर. अंगठा हलला. केसभर. मला वाटलं, भास. पुन्हा म्हटलं, वर. पुन्हा हलला.

मी कुणाला हाक मारली नाही. भीती वाटत होती की बोलले तर थांबेल. जुईचं पिऊन होईपर्यंत मी त्या अंगठ्याकडे बघत बसले. मग आईंना बोलावलं आणि नुसतं बोट दाखवलं. त्यांनी चष्मा आणला. मी अंगठा हलवला. त्यांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि पिशवीत अजून एक किलो तांदूळ घातला. आमच्या आई अशाच आहेत.

पुढचं भरभर झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. ते मुंगीच्या पावलांनी झालं. एक दिवस बोटं वर यायची, दुसऱ्या दिवशी काही नाही. पाऊल उभं राहायचं पण दहापर्यंत मोजलं की थरथरायचं. पिशवी तीन किलो, चार किलो. पावलावरची जाणीव मात्र आली नव्हती. भाजल्याचा डाग होता तिथे बोट फिरवलं तर जाड कापडावरून फिरवल्यासारखं. ग्लॅडिस मॅडम म्हणाल्या, ती मागाहून येते, कधी कधी अर्धवट येते. वाट बघ.

जुई सहा महिन्यांची झाली. उशीला टेकवून बसवलं की बसायची आणि बाजूला कलंडायची. कलंडली की मला बरं वाटायचं. आईपणाबद्दल कुणी काही छान छान लिहीत असेल तर त्यांनी हेही लिहावं.

एका शुक्रवारी पिशवी सहा किलोची होती आणि मी दोन्ही पावलं उभी धरून दोनशेपर्यंत मोजलं. फुगीर टोक पडलं नाही. आई दारात उभ्या राहून मोजत होत्या हे मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "रविवारी संदेश घरात आसा."

रविवार

मोरीत पाट मांडला. पिशवी सहा किलोची आणि जुई सात किलोच्या वर, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. संदेश दाराच्या चौकटीशी उकिडवा बसला, हात पुढे करून, झेलायच्या तयारीत. मी म्हटलं, "कॅच घ्यायला बसलायस का?" तो हसला नाही.

मी पाटावर बसले, साडी गुडघ्यापर्यंत, पाय लांब. दोन्ही पावलं उभी केली.  आईंनी जुईचे कपडे काढले, डोक्याला तेल चोळलं. ती नागडी, तेलकट, आपल्या मुठी चोखत त्यांच्या खांद्यावर. आईंनी एका हाताने बादलीतलं पाणी ढवळलं. मग नेहमीप्रमाणे पहिला लोटा भरला आणि माझ्या पायांवर, नडग्यांपासून खाली, हळूहळू ओतला.

"आई, कढत आहे," मी म्हटलं. "गार घाला थोडं."

त्यांनी लगेच गार पाण्याच्या बादलीकडे हात नेला आणि मधेच थांबल्या. लोटा तसाच हातात.

"खंयच्या पायाक?"

मलाही तेव्हाच कळलं. मी पायांकडे पाहिलं. उजव्यावरून पाणी केव्हाच ओघळून गेलं होतं. डाव्या पावलावर, भाजल्याच्या डागावर, अजून चुरचुरत होतं.

"डाव्या," मी म्हटलं.

आईंनी लोटा खाली ठेवला. जुईला संदेशकडे दिलं. खाली वाकल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डाव्या पावलावर तळवा ठेवला. त्यांचा हात तेलकट होता आणि ऊबदार होता. तो मला कळत होता.

"हंय?"

"हो. तिथेच."

त्या रडत होत्या.  मग पदराने डोळे पुसले, बादलीत गार पाणी घातलं, ढवळलं आणि पुन्हा एक लोटा माझ्या पायांवर ओतला.

"आता?"

"आता बरोबर आहे."

त्यांनी जुईला संदेशच्या हातातून घेतलं आणि माझ्या पायांवर निजवलं.